मदत हवी आहे: थायोफीनची अधिशोषण ऊर्जा धन येतेय

अवनी_प:
मॉलिब्डेनम डायसल्फाइड या उत्प्रेरकावर थायोफीन (गंधक असलेला वलयाकार रेणू) ठेवून डीएफटी, म्हणजे संगणकावर क्वांटम गणित, करतेय. अधिशोषण ऊर्जा (एकत्र ऊर्जेतून स्लॅब, म्हणजे पृष्ठभागाचा तुकडा, आणि सुटा रेणू यांच्या ऊर्जा वजा; ऋण आली तर रेणू चिकटतो) +१.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट! तीन आठवडे गेले यात. सगळ्या पेपरांत ऋण असते. शुक्रवारी गाइडना दाखवायचंय, लवकर सांगा कुणीतरी.

तळेगावकर:
सपाट थरावर की कडेवर? फंक्शनल (इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचं अंदाजी सूत्र) कोणतं? डी-३ ही व्हॅन डर वाल्स दुरुस्ती आहे का? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

अवनी_प:
कडेवरच, सपाट थर निष्क्रिय असतो ना. सॉफ्टवेअर क्वांटम एस्प्रेसो, फंक्शनल पीबीई.

गंधकवेडा:
नुसतं पीबीई नको. व्हॅन डर वाल्स आकर्षण त्यात जवळपास नसतंच आणि थायोफीनचं वलय बरंचसं त्यावरच टिकतं. मी पाच वर्षं ते आकर्षण धरणारं बीफ-व्हीडीडब्ल्यू वापरतोय, तेच घे.

तळेगावकर:
असहमत. पीबीईला डी-३ जोडलं की पुरे. आणि डी-३ नसलं तर बंध कमकुवत दिसेल, +१.१ कसं येईल? अवनी, कड मॉलिब्डेनमची की गंधकाची? तिच्यावर गंधक किती?

रिफायनरीकाका:
बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाच्या डिझेलात ५० पीपीएम गंधक चालायचं, १ एप्रिल २०२० पासून १०. हा उत्प्रेरक इंधनातलं गंधक काढायलाच वापरतात; थायोफीनमधलं सहज सुटतं हो. शेवटपर्यंत छळतं ते ४,६-डायमिथाइल डायबेन्झोथायोफीन, कारण दोन मिथाइल गट गंधकाला आडवे येतात. त्यावर काम करा पोरांनो.

मयूर_क:
विंडोजवर असशील तर डब्ल्यूएसएल टाक, इन्स्टॉल सोपं जातं.

अवनी_प:
इन्स्टॉलचा प्रश्नच नाहीये! काका, पुढचा रेणू तोच आहे. कड मॉलिब्डेनमची, १०० टक्के गंधक. थायोफीन गंधक खाली करून उभं ठेवलंय.

तळेगावकर:
मग मॉलिब्डेनम पूर्ण झाकलेलं आहे, थायोफीन धरणार कशाला? एक गंधक काढून जागा रिकामी कर. पण तरीही, रिलॅक्स होताना (अणू आपापली स्थिर जागा शोधताना) रेणू दूर सरकून ऊर्जा शून्याजवळ यायला हवी होती. तिन्ही गणितांचा कटऑफ (गणिताची बारकाई ठरवणारी ऊर्जामर्यादा) एकच आहे ना?

अवनी_प:
स्लॅब आणि रेणू ६० रिडबर्गला. एकत्र मेमरीत मावेना म्हणून ते ४५ ला.

गंधकवेडा:
तिथेच आहे! कटऑफ उतरवला की एकूण ऊर्जा वर चढते, आणि वजाबाकीत तो फरक तुला अधिशोषण म्हणून दिसतोय. तिन्ही ६० ला कर.

तळेगावकर:
आणि डी-३ घालशील तर तिन्हींत घाल.

अवनी_प:
दोन नोड मागून सगळं पुन्हा लावलंय, गंधक काढलेला स्लॅबसुद्धा. मनापासून आभार. रिकाम्या जागेसाठी स्पिन चालू ठेवू का?

तळेगावकर:
एकदा चालू करून बघ. चुंबकीय आघूर्ण शून्यावर आलं तर बंद कर, वेळ वाचेल.