बी विंग ग्रुप: एमपीएचवरून

कर्णिक काकू (बी-४०२): नमस्कार मंडळी. आमच्या ऋतुजाने परत तेच काढलंय, बीडीएसनंतर एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. घरात रोज वाद. नक्की काय असतं ते कुणी नीट सांगेल का? फॉरवर्ड नकोत.

प्रधान काका (बी-१०१): एमपीएच म्हणजे डॉक्टरकी नव्हे. नावाआधी डॉ. लागत नाही. प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. 🙏

डॉ. स्मिता (ए-३०१): काका, ती डेंटिस्ट आहे. डॉ. लागून झालंय.
काकू, एमडी कम्युनिटी मेडिसिन वेगळं: त्याला एमबीबीएस आणि नीट-पीजी लागते, तीन वर्षं. एमपीएच आपल्याकडे साधारण दोन वर्षांचं. डेंटल, आयुर्वेद, नर्सिंगवाले चालतात, काही ठिकाणी कुठल्याही शाखेचे.

निलेश (बी-६०३): काकू, टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) देवनारलाच आहे, रिक्षाने जाल. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून, पुढे मुलाखत. लोक फसतात ते इथे: सीयूईटीचा फॉर्म भरला की झालं असं समजतात. टिसकडे वेगळी नोंदणी करावी लागते.
आकड्यांची आवड असेल तर शेजारचं आयआयपीएस (लोकसंख्या विज्ञान संस्था) पण बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तेच करतात.

सावंत सेक्रेटरी: उद्या ११ ते २ टाकी साफसफाई. पाणी भरून ठेवावे.

बंटी (ए-७०२): हीच खरी पब्लिक हेल्थ 😄

प्रधान काका (बी-१०१): एमपीएच म्हणजे डॉक्टरकी नव्हे. नावाआधी डॉ. लागत नाही.

निलेश (बी-६०३): काका, पोचलं.
काकू, कॉलेजचं नाव बघून ठरवू नका, अभ्यासक्रम उघडा. एपिडेमिऑलॉजी (रोग कसे पसरतात ते) आणि बायोस्टॅट (आरोग्याची संख्याशास्त्र) किती क्रेडिटचं, आर किंवा स्टाटा ही आकडेवारीची सॉफ्टवेअर प्रत्यक्ष शिकवतात का, फील्डवर्क आणि प्रबंध आहे का. नुसती व्याख्यानं असतील तर मुलाखतीत "हा डेटा साफ करून दाखव" म्हटल्यावर पोरं गप्प बसतात.

कर्णिक काकू (बी-४०२): आणि नोकरी? हे म्हणतात, सगळी कंत्राटी असतात.

डॉ. स्मिता (ए-३०१): खोटं नाही म्हणत ते. आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागा कंत्राटी, संस्थांमधल्या प्रोजेक्टच्या निधीवर. निधी थांबला की माणूस घरी. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशी मदत देणारी संस्था गुंडाळली तेव्हा तेच झालं. म्हणून हाताला आकडेवारीचं काम हवं, ते कुठेही चालतं.

सावंत सेक्रेटरी: चौथ्या मजल्यावरच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचते. महापालिकेचा माणूस अळ्या दाखवून गेला. नाव घेत नाही.

कर्णिक काकू (बी-४०२): चौथ्या मजल्यावर चार घरं आहेत, सावंत भाऊ. आणि गच्चीवरचं टायर कुणाचं?

डॉ. स्मिता (ए-३०१): भांडू नका. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटली कोरडी करायची. नुसती ओतून नाही, घासून. अंडी कडेला चिकटतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

बंटी (ए-७०२): टायर सेक्रेटरींचंच ना? 🤐

निलेश (बी-६०३): अमेरिकेचा विचार असेल तर सीईपीएच या तिथल्या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता बघा, एमपीएचला किमान ४२ क्रेडिट. बरीच विद्यापीठं सोफास या सामाईक अर्जाच्या पोर्टलवरून अर्ज घेतात, त्याला डब्ल्यूईएस या संस्थेचं आपल्या मार्कांचं मूल्यांकन लागतं. ट्रान्सक्रिप्ट नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून, म्हणून आधी तेच सुरू करा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर वेगळं. दोन्ही आत्ताच जुळवून बघा, गाडी हमखास तिथे अडते.
आणि साधं एमपीएच सहसा स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत) धरत नाहीत, म्हणजे शिक्षणानंतर कामाला १२ महिनेच. एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅट स्टेमच्या कोडखाली असेल तर आणखी २४. कोड विद्यापीठाकडून लेखी मागा, एजंटच्या तोंडी नको.

प्रधान काका (बी-१०१): प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही, हे लक्षात असू द्यावे.

डॉ. स्मिता (ए-३०१): काका 🙏
काकू, अर्जातल्या निबंधात "समाजसेवा करायची आहे" नको, सगळेच लिहितात. डेंटिस्ट आहे तर मशेरी, तंबाखू, तोंडाचा कॅन्सर, गाडी तिकडे वळवायला सांगा. एकच प्रश्न, नेमका.

कर्णिक काकू (बी-४०२): नाशिकचं उद्याच बघते. ताटल्या घासल्या. फोटो हवा असेल तर सावंत भाऊंनी सांगावं, टायरच्या फोटोसकट पाठवते.