मदत हवी आहे: लिव्ह अँड लायसन्स संपलं, रिन्यू करत नाहीत, पण पुढचं भाडं घेतलंय

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून थेट विचारते. आमचं 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (घरभाड्याचं ॲग्रीमेंट, रजिस्टर केलेलं) संपलं. मुदत संपायच्या आधीपासून मालकांच्या मागे लागलो होतो, ते म्हणायचे "करू हो, घाई काय आहे, राहा तुम्ही", आणि मुदतीनंतरचं भाडंही त्यांनी घेतलं, "भाडं मिळालं" असा व्हॉट्सॲपवर मेसेज आहे. आता अचानक म्हणतात पुतण्याचं लग्न ठरलंय, त्याला फ्लॅट द्यायचाय, आठ दिवसांत खाली करा नाहीतर डबल भाडं लावीन नि कुलूप बदलीन.

घर त्यांचं आहे, आम्हाला अडून बसायचं नाहीये. पण सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर धरून बाथरूमपर्यंत जेमतेम जातात, लिफ्टचं घर शोधायला महिना-दीड महिना तरी लागणारच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 24 वाचलं. मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतात आणि नुकसानभरपाई दुप्पट दराने द्यावी लागते. म्हणजे डबलची धमकी पोकळ नाही, आणि त्याचंच टेन्शन आलंय. पण अर्ज करायचा म्हणजे ऑर्डर आणावी लागणार ना, स्वतःच कुलूप कसं बदलतील? आणि "राहा" म्हणून ज्या महिन्याचं भाडं घेतलं त्याचंही दुप्पट मागता येतं का, की ती तोंडी मुदतवाढ धरतात? माझं घोडं इथे अडलंय.

दुसरं डिपॉझिटचं. बाल्कनीकडच्या भिंतीला ओल आहे, पोपडे सुटलेत, आम्ही राहायला आलो तेव्हापासूनच, सामान लावायच्या आधी काढलेले तारखेचे फोटो आहेत. तरी रंगकामाचे पैसे कापणार म्हणतात, हे अजिबात पटत नाही. डिपॉझिट हातात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही असं दीर म्हणतात, पण तसं केलं तर ताबा आमच्याकडेच राहिला म्हणून दुप्पट भाड्याचं मीटर चालूच राहील ना?

एजंट फोन उचलत नाही. इथे कोणी वकील असाल किंवा असल्या केसमधून गेला असाल तर प्लीज सांगा, मुदत मागायचं पत्र आजच द्यायचंय, त्यात काय लिहू आणि काय मुद्दाम टाळू?