विषय: प्रयोगशाळेच्या नेटवर्कमध्ये घरून पोहोचण्यासाठी व्हीपीएन

प्रेषक: सभासद, पदार्थविज्ञानातील संशोधिका

सप्रेम नमस्कार,

जर्मनीतल्या आपल्या मंडळाच्या ईमेल यादीवर बहुतेक वेळा कार्यक्रमांची पत्रे येतात, तरीही मंडळातले बरेच सभासद येथील विद्यापीठांच्या संगणक विभागांत काम करतात, म्हणून माझी अडचण येथे मांडत आहे.

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही चौदा जण आहोत. विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडलेला आमचा एक राउटर आहे आणि त्याच्या मागे प्रयोगशाळेचे खासगी नेटवर्क आहे. त्यात मोजमापांचा डेटा साठवणारा एनएएस, सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचे परवाने वाटणारा सर्व्हर आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणारा विंडोज ७ चा संगणक असे तिघे महत्त्वाचे. संगणक केंद्राचे व्हीपीएन (इंटरनेटवरून संस्थेच्या नेटवर्कपर्यंत नेणारा सुरक्षित बोगदा) आम्हाला मिळते, पण ते विद्यापीठापर्यंत आणून सोडते. आमच्या राउटरच्या आत नेत नाही. म्हणून प्राध्यापकांनी हे काम माझ्याकडे सोपवले आहे, आणि मी गणपतीला पुण्याला निघण्यापूर्वी, म्हणजे तीन आठवड्यांत, ते पुरे व्हायला हवे.

मी तळघरातल्या एका जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली घालून वायरगार्ड हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर बसवले, राउटरवर बाहेरून आत येण्याचे दार म्हणून ५१८२० हे यूडीपी पोर्ट उघडले आणि घरून मॅकबुकने जोडणी केली. जोडणी झाली. मग ब्राउझरमध्ये एनएएसचा पत्ता १९२.१६८.१७८.२० लिहिला, तर माझ्या घरच्या प्रिंटरचे पान उघडले. काळी शाई संपत आल्याची सूचनाही त्यावर स्पष्ट दिसत होती. दोन संध्याकाळी मी सेटिंग्ज पुन्हा पुन्हा तपासल्या, पण चूक सापडत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक सभासद

---

प्रेषक: वाचनालयाचे काम पाहणारे सभासद (नेटवर्क प्रशासक, निवृत्तीच्या वाटेवर)

नमस्कार,

तुमच्या सेटिंग्जमध्ये चूक नाही, पत्त्यांत आहे. जर्मनीत घरोघरी असणारा फ्रिट्झबॉक्स राउटर मुळातच १९२.१६८.१७८ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. कोणे एके काळी तुमच्या प्रयोगशाळेतही कोणीतरी तसलाच राउटर आणून लावला असणार आणि पुढची सगळी उपकरणे त्याच पत्त्यांवर बसत गेली असणार. आता तुमचा लॅपटॉप घरी असताना १९२.१६८.१७८.२० म्हटले की तो समजतो, हे तर याच खोलीतले यंत्र आहे, मग बोगद्यातून कशाला जायचे? काही ऑपरेटिंग सिस्टिमवर नेमके उलटे घडते: प्रयोगशाळा दिसते आणि घरचा प्रिंटर नाहीसा होतो. दोन्हींचे मूळ एकच.

यावरचा खरा इलाज म्हणजे प्रयोगशाळेचे पत्ते बदलणे. १० ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांतून एखादा आडवळणाचा गट घ्या, उदाहरणार्थ १०.८३.४७, मात्र विद्यापीठात तो आधीच कोठे वापरात नाही ना, हे संगणक केंद्राला विचारून घ्या. १०.०.० किंवा १९२.१६८.१ घेऊ नका, कारण ते निम्म्या जगाच्या घरांत आहेत. मायक्रोस्कोपच्या संगणकासारखे एखादे यंत्र पत्ता बदलू देत नसेल, तर गेटवेवर, म्हणजे व्हीपीएन चालवणाऱ्या तुमच्या संगणकावर, त्याला एक नवा पत्ता देऊन तो जुन्या पत्त्याकडे वळवता येतो, पण ती तात्पुरती सोय आहे. एका शनिवारी सर्वांना पूर्वसूचना देऊन पत्ते बदललेत, तर पुढची दहा वर्षे हा प्रश्न उठणार नाही.

आता थोडे मागे जाऊन लिहितो, कारण पत्त्यांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. पोर्ट उघडण्याआधी संगणक केंद्राला कळवले होते का? नसल्यास उद्याच कळवा. डिसेंबर २०१९ मध्ये गीसन येथील विद्यापीठावर सायबर हल्ला झाला आणि संपूर्ण विद्यापीठाचे नेटवर्क बंद ठेवावे लागले; ईमेलचे सुमारे ३८,००० नवे पासवर्ड विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना ओळखपत्र दाखवून, रांगेत उभे राहून प्रत्यक्ष घ्यावे लागले. त्यानंतर येथील संगणक केंद्रे न कळवता उघडलेल्या दारांबाबत कडक असतील तर त्यांना दोष देता येत नाही. शिवाय विचारल्यावर कधीकधी असेही निघते की, तुमच्या चौदा जणांना केंद्राच्या व्हीपीएनमध्येच पत्त्यांचा वेगळा गट देता येतो, आणि तुमच्या राउटरने तेवढ्याच गटाला आत सोडले की काम भागते. तसे झाले तर स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याचे ओझे तुमच्यावर राहत नाही. माझे मत विचाराल तर पहिला प्रयत्न तोच करावा.

केंद्राने स्वतःचे व्हीपीएन ठेवायला परवानगी दिली, तर वायरगार्डची निवड चांगली आहे. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाले, त्याचा कोड आटोपशीर आहे, आणि अनोळखी पॅकेट (डेटाची पुडी) आले तर ते उत्तरच देत नाही. त्यामुळे बाहेरून चाचपडणाऱ्याला तेथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. पण याच गुणामुळे बिघाड शोधणे कठीण जाते: किल्ली चुकली काय किंवा पोर्ट बंद असले काय, तुम्हाला सारखीच शांतता ऐकू येते. म्हणून सर्व्हरवर ‘डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा देऊन शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन्ही बाजूंनी किल्ल्यांवरून एकमेकांना ओळखणे, केव्हा झाला ते पाहण्याची सवय लावा. हँडशेक नसेल तर किल्ल्या, पोर्ट आणि फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी चाळणी) पाहावे. हँडशेक आहे आणि तरी काही उघडत नाही, तर राउटिंग, म्हणजे पॅकेटच्या वाटा, पाहावे.

वायरगार्डमध्ये वापरकर्त्याचे नाव नसते आणि पासवर्डही नसतो. तेथे ज्याच्याकडे खासगी किल्ली, तो आत. म्हणून किल्ल्यांचा हिशेब हेच तुमचे मुख्य काम आहे आणि त्यावर मी जरा अधिक लिहितो. पूर्वी मी जेथे नोकरी करत होतो तेथे सोयीसाठी एकच किल्ली बावीस जणांना ईमेलने पाठवलेली होती. त्यांच्यापैकी एकाचा लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला. किल्ली रद्द करायची म्हणजे बावीसही जणांना एका दिवसात तोडायचे, त्यातले दोघे परिषदेसाठी परदेशात. म्हणून ‘सोमवारी करू’ असे ठरले, आणि तो सोमवार तीन आठवड्यांनी उगवला. त्या तीन आठवड्यांत कोण आत येऊन गेले हे आम्हाला आजही सांगता येणार नाही, कारण नोंदींमध्ये सगळ्यांची ओळख एकच होती. तुम्ही दर माणसाला नव्हे, तर दर यंत्राला वेगळी किल्ली द्या. खासगी आणि सार्वजनिक किल्ल्यांची जोडी ज्याने त्याने आपल्याच यंत्रावर तयार करावी आणि तुम्हाला फक्त सार्वजनिक किल्ली पाठवावी. खासगी किल्ली त्या यंत्रातून कधीही बाहेर पडू नये. सर्व्हरच्या फाइलमध्ये प्रत्येक किल्लीच्या वर कोणाचे यंत्र, केव्हा दिले आणि करार केव्हा संपतो हे लिहून ठेवा. डॉक्टरेट संपवून माणूस जातो त्या दिवशी जसा खोलीच्या किल्लीचा हिशेब होतो, तसाच या किल्लीचाही व्हायला हवा.

कोणाला कोठपर्यंत जाऊ द्यायचे, हेही याच वेळी ठरवा. वायरगार्डमध्ये ‘अलाउड आयपीज’ ही जी ओळ असते ती दुहेरी काम करते: कोणते पत्ते बोगद्यातून पाठवायचे हे ती ठरवते, आणि त्या किल्लीच्या नावाने कोणत्या पत्त्यांवरून आलेले पॅकेट स्वीकारायचे हेही. मात्र आत आलेल्याने एनएएस पाहावा आणि मायक्रोस्कोप पाहू नये, हे तिच्यावर सोडू नका. वापरणारा आपल्या बाजूची ओळ स्वतः बदलू शकतो. ते बंधन गेटवेच्या फायरवॉलमध्येच घालावे. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा सुधारणा देणे थांबवले आहे, त्यामुळे तो संगणक व्हीपीएनवरून कोणालाच थेट दिसता कामा नये. मोजमाप संपले की त्याने डेटा एनएएसवर टाकावा आणि घरून काम करणाऱ्यांनी तो तेथून घ्यावा, एवढीच वाट ठेवा.

परवान्यांच्या सर्व्हरविषयी एक खुबी सांगतो. तो फ्लेक्सएलएम (परवाने वाटण्याची एक प्रणाली) पद्धतीचा असेल तर मुख्य प्रोग्रॅम बहुधा २७००० पोर्टवर ऐकतो, पण विक्रेत्याचा दुसरा प्रोग्रॅम दर वेळी वेगळे पोर्ट पकडतो आणि फायरवॉलमध्ये अडकतो. परवान्याच्या फाइलमध्ये त्याचेही पोर्ट कायमचे लिहून टाका. आणि करार वाचा: काही परवाने विद्यापीठाच्या आवारापुरते किंवा देशापुरतेच असतात, आणि तुम्ही तर पुण्याला निघाला आहात.

आपला स्नेहांकित

---

प्रेषक: सभासद, संगणकशास्त्र

नमस्कार,

काकांनी सर्व लिहिलेच आहे. मी केवळ भारतातून जोडणी करण्याबद्दल भर घालते, कारण गेल्या वर्षी मी नाशिकहून दीड महिना असेच काम केले.

सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांमुळे भारतात व्हीपीएन वापरता येते की नाही, असे अनेक जण विचारतात. ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचे ते बंधन लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांवर आहे. संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनला ते लागू नाही, असे नंतरच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. तेव्हा विद्यापीठाच्या व्हीपीएनची धास्ती घेऊ नये.

खरी अडचण वेगाची असते. फ्रँकफर्ट ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ६,५०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन किमान ६५ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात दुप्पट धरून चालावे. एनएएसचे फोल्डर लॅपटॉपवर जोडून उघडले तर प्रत्येक लहान फाइलसाठी अनेक फेऱ्या होतात, आणि तीनशे फाइलींचे फोल्डर समोर नुसते फिरत राहते. त्यापेक्षा इन्स्टिट्यूटमधल्या एखाद्या लिनक्स यंत्रावर एसएसएचने (दूरच्या यंत्रावर आज्ञा देण्याची सुरक्षित जोडणी) जाऊन काम तेथेच करावे आणि जे हवे तेवढेच आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रॅमने आणावे.

केंद्राच्या व्हीपीएनला पासवर्डखेरीज दुसरी ओळख लागते. तिचा कोड एसएमएसने येत असेल तर निघण्यापूर्वी बदलून ॲपवर घ्या आणि राखीव कोड कागदावर लिहून सामानात ठेवा. पुण्याला घरी जिओफायबर असल्यास त्याचे पत्ते सहसा १९२.१६८.२९ चे असतात. प्रयोगशाळेच्या नव्या पत्त्यांशी त्यांची गाठ पडणार नाही.

आपली,
एक सभासद

---

प्रेषक: सभासद, पदार्थविज्ञानातील संशोधिका

आदरणीय काका आणि ताई,

आपण दोघांनी इतक्या सविस्तरपणे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी दुसऱ्याच दिवशी संगणक केंद्रात गेले. वेगळा गट देण्याची सोय त्यांच्याकडे नाही, पण त्यांनी आमचे वायरगार्ड नोंदवून घेतले आणि जबाबदार व्यक्ती म्हणून माझ्याबरोबर आणखी एका सहकाऱ्याचे नाव मागितले, जे मला योग्यच वाटले. शनिवारी आम्ही तिघांनी मिळून पत्ते बदलले. सकाळी नऊला सुरू केलेले काम दुपारी चारला संपले. आता घरून एनएएसच उघडतो.

एकच गोष्ट उरली आहे. अकरा जणांचे सुरळीत चालते, पण केबलचे इंटरनेट असलेल्या एका सहकाऱ्याचे एसएसएच लागते, पासवर्ड घेते, लहान फोल्डरची यादीही दाखवते. मात्र मोठ्या फोल्डरची यादी मागितली की पडदा तेथेच गोठतो. हँडशेक व्यवस्थित दिसतो. त्याच्या घरच्या जोडणीला स्वतःचा आयपीव्ही४ (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचा) पत्ता नाही, त्याला डीएस-लाइट म्हणतात असे समजले.

आपली,
एक सभासद

---

प्रेषक: वाचनालयाचे काम पाहणारे सभासद

नमस्कार,

लहान पॅकेट जातात आणि मोठी वाटेत गळतात, असे हे लक्षण आहे. वायरगार्ड आपल्या बोगद्यासाठी पॅकेटची कमाल मर्यादा १,४२० बाइट धरते. आयपीव्ही४ वरून जाताना अशा पॅकेटवर ६० बाइटचे आवरण चढते, म्हणजे १,४८०. साध्या जोडणीत १,५०० पर्यंत जागा असते म्हणून ते चालते. पण डीएस-लाइटमध्ये हे पॅकेट पुन्हा ४० बाइटच्या आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या) आवरणात घातले जाते आणि १,५२० होते. त्याचे तुकडे करावे लागतात आणि ते तुकडे पुष्कळदा पोहोचत नाहीत.

खात्री करायची तर त्यांच्या घरून, तुकडे न करण्याची अट घालून, गेटवेच्या आतल्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारे चाचणीचे पॅकेट पाठवा. १,३९२ बाइटचे पिंग, म्हणजे २८ बाइटचे शीर्षक धरून १,४२०, उत्तराविना राहावे. १,३५२ चे, म्हणजे १,३८० चे, परत यावे. तसे झाले तर त्यांच्या फाइलमध्ये एमटीयू (पॅकेटची कमाल मर्यादा) १,३८० लिहा. सर्व्हरच्या बाजूलाही तोच आकडा ठेवा, कारण मोठी यादी तिकडूनच येते. इतर अकरा जणांना या चाळीस बाइटांची उणीव जाणवणार नाही.

आपला स्नेहांकित

---

प्रेषक: सभासद, पदार्थविज्ञानातील संशोधिका

आदरणीय काका,

१,३९२ गेले नाही, १,३५२ परत आले. दोन्ही बाजूंना १,३८० लिहिल्यावर चार हजार फाइलींची यादी एका दमात आली. किल्ल्यांची नोंदवही दुसऱ्या जबाबदार सहकाऱ्याकडे सोपवली आहे, आणि ऑगस्टअखेर ज्यांचा करार संपतो त्या दोघांच्या किल्ल्या काढण्याची तारीखही तीत लिहिली आहे. परवान्याचा करार वाचला. तो जर्मनीपुरताच आहे, म्हणून पुण्याहून सिम्युलेशन माझ्या लॅपटॉपवर चालवणार नाही, केवळ मोजमापांचे विश्लेषण करीन.

आपली,
एक सभासद