मदत हवी आहे : अलंग-मदन-कुलंग तीन दिवसांत, चढायची सवय आहे पण दोराची नाही

वऱ्हाडी गडी :

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे परतवाड्याजवळच्या खेड्यातले: मी, चुलतभाऊ, त्याचा मित्र आणि काका. काकांनी पन्नाशी ओलांडलीय, पण चढावर सगळ्यांत पुढे तेच असतात.

मूळ बेत घरचाच होता. गाविलगडावरून निघायचं आणि सातपुड्याच्या धारेनं पश्चिमेला नरनाळ्यापर्यंत जायचं. नकाशावर फार देखणं दिसतं. पण तो सगळा मेळघाट, १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प. आत मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही, रात्रीचा मुक्काम तर दूरच. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या कोणालाही विचारा.

म्हणून नजर सह्याद्रीकडे वळली. अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले सलग करायचे आणि जमलं तर त्याच रांगेनं पुढे कळसूबाई (१६४६ मीटर) गाठायची असं डोक्यात आहे. सवड मिळते ती तूर निघाल्यावर आणि हरभरा सोंगायच्या आधी, म्हणजे जानेवारीच्या शेवटी. उरलेला कापूस वेचून घ्यायचं घरच्यांनी कबूल केलंय, तेवढं एक काम झालं.

उन्हाची आणि चालण्याची काळजी नाही, मे महिन्यात पंचेचाळीस अंशात शेतात राबणारी माणसं आहोत. अडचण कातळाची आहे. पायाखाली बोटभर खाच आणि बाजूला सरळ दरी, असं आम्ही कधी चाललेलो नाही. हार्नेस म्हणजे कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा, पण काकांचं म्हणणं, "आपण इहिरीत दोरानं उतरतो, मंग त्याले कोन्ता हार्नेस लागते?" त्यांना काय उत्तर द्यावं?

आणखी विचारायचं म्हणजे सुरुवात कुलंगकडून करावी की अलंगकडून? वर पाणी मिळतं का, की सगळं पाठीवर न्यायचं? आणि मध्येच कोणाला जमेनासं झालं तर खाली उतरायची वाट कुठे आहे? माझी झोप या शेवटच्या प्रश्नानं उडालीय.

कातळवेडा :

शेवटचा प्रश्न तुम्ही आधीच विचारलात, बरं वाटलं. बहुतेकांना तो मदनच्या कड्याखाली उभं राहिल्यावर सुचतो.

पायथ्याच्या आंबेवाडीतून निघून अलंग, मदन, कुलंग हाच क्रम ठेवा. कारण साधं आहे. दोराचं काम अलंग आणि मदनवर आहे. १८१८ च्या लढाईनंतर इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्यामुळे जिथे जिना होता तिथे आता उघडा कातळ आहे. तो हात ताजे असताना उरकावा. कुलंगला दोर लागत नाही, पाय लागतात, आणि ते तुमच्याकडे आहेत. शिवाय दुसऱ्या दिवशी मदन उतरायला उशीर झाला तर कुलंग सोडून द्यायचा आणि खिंडीतून सरळ आंबेवाडीत उतरायचं. उलट क्रमानं गेलात तर दमलेले चार गडी शेवटी सगळ्यांत अवघड जागी पोचतील.

आता काका. काकांना नमस्कार सांगा आणि म्हणा, विहिरीचा दोर ताणत नाही. माणूस पाच-सात फूट जरी घसरला तरी सगळा हिसका कंबरेला आणि वरच्या खुंटीला बसतो. चढताना वापरायचा डायनॅमिक दोर ताण घेऊन तो हिसका गिळतो. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, कमी ताणणारा स्टॅटिक दोर वेगळा असतो. विहिरीत माणूस एकसारखा, भार टाकून उतरतो. कड्यावर पाय अचानक सुटतो. हार्नेस, हेल्मेट, दोन्ही जातींचे दोर आणि ते वापरणारा अनुभवी माणूस सोबत नसेल तर हा बेत करू नका. गावातला वाटाड्या घ्याच, पण वाट दाखवणं आणि बिले देणं (चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणं) ही दोन वेगळी कामं आहेत. कातळात आधीच ठोकलेले बोल्ट दिसतील. ते किती जुने आहेत हे पाहिल्याशिवाय त्यांवर जीव टांगू नये.

निघण्याआधी एखाद्या गिर्यारोहण क्लबाबरोबर दोन दिवस दोराचा सराव करा. गाविलगडाच्या तटावर मात्र नको, ते संरक्षित स्मारक आहे आणि चिरेही ढिले असतात.

सोंडेवरची :

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. भर घालते.

मॅट सॅकला आडवी बांधू नका. ट्रॅव्हर्सवर, म्हणजे कड्याच्या आडव्या वाटेवर, कातळ एका खांद्याला लागून असतो, मॅटचं टोक त्याला अडतं आणि माणूस दरीकडे ढकलला जातो. सॅक अरुंद आणि उंच भरा, बाहेर काही लोंबतं ठेवू नका. रॉक पॅच (कातळाचा उभा टप्पा) चढताना सॅक पाठीवर नको, मागून वेगळ्या दोरानं ओढून घ्या.

अलंगवर गुहा आणि पाण्याची टाकी आहेत, कुलंगवरही आहेत. पहिला मुक्काम अलंगला, दुसरा कुलंगला. जानेवारीत टाक्यांत सहसा पाणी असतं, पण गाळून उकळूनच प्या. कोणत्या टाक्याचं पाणी प्यायचं ते वाटाड्याला विचारा. मदनवर पाण्याचा भरवसा धरू नका. माणशी चार लिटर भरूनच अलंग सोडा.

जानेवारीत गवत वाळून आडवं पडलेलं असतं. त्यावरून बूट सटकतो, कातळापेक्षा मला त्याचीच धास्ती वाटते. आणि आग्या मोहोळं! अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको.

कळसूबाई या खेपेला धारेनं नको. किल्ल्यांची वाट बऱ्याच ठिकाणी माथ्यावरून नव्हे, कड्याच्या पोटातून आडवी जाते. नकाशावरची रेघ पाहून अंतर धरू नका. तिसऱ्या दिवशी आंबेवाडीत उतरा, हौस उरली तर बारी गावातून शिड्यांच्या वाटेनं कळसूबाई करा.

वऱ्हाडी गडी :

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद काकांना मोठ्यानं वाचून दाखवले. हिसक्याचं ऐकून थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं, आणा तो पट्टा." हार्नेसचा प्रश्न मिटला.

कळसूबाई बारीतून करू. दोराच्या सरावासाठी अमरावतीला चौकशी सुरू केलीय. गाडीनं इगतपुरी, तिथून घोटी आणि पुढे जीप असं ठरतंय.

आता काकांची नवी टूम. त्यांना कुलंगवर रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजायचेत, गोवऱ्या इथून न्यायची तयारी आहे.

सोंडेवरची :

वाळलेल्या गवताच्या माथ्यावर गोवऱ्या? अजिबात नाही. गुहेत छोटा गॅस चालेल. काकांना म्हणावं रोडगे घरूनच भाजून आणा, थंडीत दोन दिवस सहज टिकतात. तूप वेगळ्या डबीत, आणि झाकण घट्ट.

कातळवेडा :

निघायच्या आधी घरी एक कागद ठेवून जा: चौघांची नावं, वाटाड्याचा नंबर, कुठल्या रात्री कुठे मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची ती वेळ. वर रेंज कुठेकुठेच मिळते. मदतीसाठी ११२ आहेच, शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबरही त्याच कागदावर लिहा. आणि त्या तुपातलं थोडं वाटाड्यालाही द्या.