टर्बो डिझेल बंद करण्याआधी थांबायचं की नाही?

पंचगंगाकाठ
आमच्या कागल एमआयडीसीच्या पार्किंगमध्ये रोज एकच वाद चालतो. काही जण गाडी लावल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून आत बसतात. बाकीचे म्हणतात, हे जुन्या गाड्यांचं खूळ आहे, चावी फिरवा आणि चला. मला दोन्ही पटत नाही. नुसती मिनिटं मोजण्यात अर्थ नाही. शेवटचे दोन किलोमीटर गाडी कशी चालवली, त्यावर सगळं ठरतं.

कारण साधं आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र. त्याचं टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतं. लोडवर असताना डिझेलचा हा गॅस सातशे अंशांच्या घरात जातो आणि शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. हा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन बंद केलं की ऑइल पंपही बंद. टर्बाइनच्या बाजूची उष्णता बेअरिंगकडे सरकते, तिथं थांबलेलं ऑइल करपतं आणि त्याची कडक काजळी धरते. उलट इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असेल तर गॅसचं तापमान दीड-दोनशेपर्यंत उतरतं, शाफ्टचा वेग पडतो आणि ऑइलही फिरत राहतं.

आता हायवेवरून उतरून कावळा नाक्याचे सिग्नल घेत घरी आलात, तर ते काम रस्त्यातच झालेलं असतं. पन्हाळ्यावरून खाली आलात तरी तेच, कारण उतारावर इंजिनला लोडच नसतो. पण करूळ घाट चढून गगनबावड्याला चहासाठी थांबलात, तर लगेच चावी फिरवू नका. तिथं थांबायलाच हवं.

घाटवाला
दादा, तुमचं गणित स्वतः गाडी चालवणाऱ्याला ठीक आहे. माझे ट्रक कोकणातून चिरा भरून वर येतात आणि ड्रायव्हर बदलत असतात. प्रत्येकाला लोड, तापमान, उतार समजावत बसू काय? एकच नियम ठेवलाय : गाडी उभी केली की तीन मिनिटं आयडल, मग बंद. आधी उतरून टायर बघायचे नाहीत, सीटवर बसूनच राहायचं. ज्या नियमात ‘कधी कधी’ येतं, तो पाळला जात नाही. टर्बो गेला तर खर्च माझा, शिवाय गाडी उभी राहते ते वेगळंच.

बीएससिक्स_राजारामपुरी
ट्रकचं मला माहीत नाही, पण कारवाल्यांनी हे बंद करावं. आताच्या बऱ्याच टर्बोंच्या मधल्या भागात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, फिरतं. इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर आणि गार पाणी खाली अशी त्याची हालचाल थोडा वेळ चालू राहते आणि बेअरिंगची उष्णता ओढून घेते. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पंपही असतो. सिग्नलला आपोआप बंद होणारी टर्बो डिझेल गाडी कंपनी विकते, ती काय टर्बो मारायला? शिवाय एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या डिझेल कार बीएस६ या धुराच्या नियमातल्या आहेत. उगाच आयडलवर ठेवलं तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते. सोसायटीत रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीखाली धूर सोडत बसणाऱ्यांनी शेजाऱ्यांचाही विचार करावा.

पंचगंगाकाठ
सिग्नलचा मुद्दा अर्धाच आहे. सिग्नलला येईपर्यंत गाडी हळू झालेली असते, आणि इंजिनची स्थिती योग्य नसेल तर ती यंत्रणा इंजिन बंदच करत नाही. हायवेला शंभरच्या वेगानं येऊन थेट पेट्रोल पंपावर बंद करणं ही वेगळी गोष्ट आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल काय लिहिलंय तेही बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये जोरात चालवल्यावर थोडं थांबायला स्पष्ट सांगितलेलं असतं.

उद्यमनगर_मिस्त्री
मंडळी, टर्बो खोलायचं काम करतोय म्हणून बोलतो. लगेच बंद केल्यानं टर्बो जातो हे खरं, पण सगळा दोष त्याच्यावर टाकू नका. माझ्याकडं येतात त्यात जास्त करून ऑइलची भानगड असते. ऑइल वेळेवर बदललेलं नसतं, लेव्हल कमी असते, नायतर स्वस्तातलं ऑइल घातलेलं असतं. काही टर्बोंची ऑइल परत जायची पाइप तुंबलेली असते. मग सील गळतं, निळा धूर येतो आणि लोक म्हणतात टर्बो खराब निघाला. शिरोलीच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ये-जा करणाऱ्या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. तिथली वाळूची धूळ एअर फिल्टरच्या फटीतून आत गेली की टर्बोच्या कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या चाकाची, पाती घासून धार जाते. तिथं तुमची तीन मिनिटं काय करणार?

आणि एक सवय सगळ्यात वाईट. जुने ड्रायव्हर बंद करायच्या आधी एक जोरात रेस मारतात आणि रेस उतरायच्या आत चावी फिरवतात. टर्बोला पुरता वेग द्यायचा आणि त्याच क्षणी त्याचं ऑइल तोडायचं, असं आहे ते. तीन मिनिटं आयडल करून शेवटी रेस मारणारे पण बघितलेत मी, सगळं पाण्यात. सकाळी चालू केल्या केल्या रेस मारणं पण तसंच, ऑइल अजून वर पोचलेलं नसतं. पोरांना काय शिकवायचं तर हे आधी शिकवा.

ऊसकरी_शिरोळ
मिस्त्रींचं बरोबर आहे. पण उलट्या बाजूचं कुणी बोलत नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर नंबरला लागतात आणि काही पोरं तासन् तास इंजिन चालूच ठेवतात. कारण विचारलं तर म्हणे, टर्बो आहे, सारखं बंद करायचं नसतं. अहो, इतका वेळ आयडलवर इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते आणि ऑइल पण खराब होतं. डिझेल जळतंय ते शेतकऱ्याचंच. एकदा गार झालं की बंद करा. थांबणं म्हणजे मिनिटभर, दोन मिनिटं, दुपारभर नव्हे.

रंकाळा_ड्राइव्ह
टर्बो टायमर बसवला तर? चावी काढली तरी इंजिन ठरलेला वेळ चालतं आणि मग आपोआप बंद होतं. बसून राहायची कटकट नको.

पंचगंगाकाठ
नको. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ : सार्वजनिक जागी गाडी उभी असताना सीटवर परवानाधारक चालक हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. चालू इंजिन सोडून महाद्वार रोडला खरेदीला जाणं कायद्यातही बसत नाही आणि धोक्याचंही आहे.

घाटवाला
मिस्त्री, रेसचं पटलं. ड्रायव्हरांना सांगतो आणि केबिनमध्ये लिहूनही लावतो. पण तीन मिनिटं मी सोडणार नाही. मोठा ट्रक आयडलला तासाला दोन-तीन लिटर पितो, म्हणजे तीन मिनिटांत शंभर ते दीडशे मिली. एका टर्बोच्या खर्चापुढं ते डिझेल मला जड नाही.

बीएससिक्स_राजारामपुरी
तुमच्या घाटातल्या ट्रकला माझी हरकत नाहीच. माझा आक्षेप गल्लीत फिरून आलेल्या कारवाल्यांवर आहे, तो कायम आहे.

उद्यमनगर_मिस्त्री
गल्लीतल्या कारला गरज नाही, मान्य. पण घाटवाले, तीन मिनिटांच्या भरवशावर ऑइल बदलायचं लांबवू नका. पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसला आणाल तेव्हा ऑइलची रिटर्न पाइप काढून बघायला सांगा.