‘घरचं बघून काय ते कर’: कामावरच्या बायकांचा अनुभव धागा

बाईने नोकरी करू नये असं आता तोंडावर फारसं कोणी म्हणत नाही. म्हणतात ते असं: कर की, पण घरचं बघून. त्या ‘बघून’मध्ये काय काय येतं ते इथे लिहायचं आहे. यशोगाथा नकोत, त्या ८ मार्चच्या सत्कारांत भरपूर होतात. किती वाजता उठता, पोर कोणाकडे ठेवता, पैसे कोणाच्या खात्यात जातात, कामावर लघवीला कुठे जाता, असलं लिहा. सरकारी, खासगी, शेतातलं, बिनपगारी, सगळं चालेल. आईचं, आजीचं लिहिलंत तरी हरकत नाही. नावं बदला, साहेबांची तर नक्कीच.

सुरुवात मीच करते. एका बँकेत क्लार्क म्हणून लागले, क्लार्क म्हणूनच निवृत्त झाले. ऑफिसरच्या परीक्षेला बसले होते, पासही झाले. पण प्रमोशन म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे दुसरा जिल्हा. घरात कोणी नाही म्हणालं नाही. हे म्हणाले, “तूच ठरव.” सासूबाईंनी त्याच संध्याकाळी गुडघ्याला लावायला तेल मागितलं. मी प्रमोशन नको असल्याचं पत्र स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, त्यामुळे कागदोपत्री तो माझाच निर्णय आहे. पुढे ज्या मुलांना मी काउंटरवर नोटा मोजायला आणि संशयास्पद चेक ओळखायला शिकवलं, त्यांतला एक माझा मॅनेजर झाला. चांगला मुलगा होता, मला ‘मॅडम’च म्हणायचा. रजेच्या अर्जावर सही मात्र त्याची लागायची.

आता तुम्ही लिहा.

एसटी कंडक्टर, मराठवाडा

ताई, मला लिहायची सवय नाही, जमेल तसं लिहिते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं अन् गाडीत बायकाच बायका. आधी वडापने (खासगी जीपने) जाणाऱ्या सगळ्या एसटीला आल्या. गडीमाणसं टोमणे मारतात, “आम्ही आता टपावर बसावं का?” मी म्हणते, बसा, टपाचं तिकीट पूर्ण लागतं. हसतात अन् सरकतात.

गर्दीचं काही वाटत नाही. मुक्कामी गाडीचं वाटतं. रात्री गाडी शेवटच्या गावात थांबते, पहाटे तिथून सुटते. ड्रायव्हरदादा गाडीतच सीटवर आडवे होतात. मी कुठे जाऊ? एका गावात सरपंचाची म्हातारी आई मला घरात घेते, जेवण झालं का विचारते. दुसऱ्या गावात शाळेची एक खोली उघडून देतात, कडी आतून लागत नाही म्हणून मी बाक ओढून लावते. बाजूला रोकड, मशीन, तिकिटाचे पैसे. झोप कसली येते! पहाटे गाव उठायच्या आत उरकायचं, नाहीतर डेपो येईपर्यंत दम धरायचा. म्हणून पाणीच पीत नव्हते. मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्या, “पाणी का पीत नाही?” त्यांना काय सांगू, बसस्टँड दाखवू?

लेकरू माझ्या आईकडे आहे. सुट्टीच्या दिवशी गेले की पहिल्यांदा बुजतं, मग रात्री सोडत नाही. पण खरं सांगू? डेपोत वे-बिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद) अन् रोकड रुपयाला रुपया जुळली की जे वाटतं ते मला घरात कधीच वाटलं नाही. घरात हिशेब जुळतच नाही.

आशा सेविका, नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातून

कंडक्टर ताईंचं पाणी न पिण्याचं वाचलं. आमच्यातल्या निम्म्या तशाच आहेत.

लोक आम्हाला ‘दवाखान्याची बाई’ म्हणतात. कागदावर आम्ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका. पगार नाही, मानधन, आणि प्रत्येक कामाचा वेगळा मोबदला. बाळंतीण दवाखान्यात बाळंत झाली तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्या घरी जायचं. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये. नवरा म्हणतो, “पेट्रोल माझं, पैसे सरकारचे, पुण्य तुझं.”

पण भेटीत काय असतं ते सांगते. आत काळोख, चूल पेटलेली, बाळ गोधडीत गुंडाळलेलं. मी हात धुते, बाळाला झोळीत घालून काट्याला लावते, सगळे श्वास रोखून काट्याकडे बघतात. मग ताप. मग पोट वर-खाली होतं ते घड्याळ लावून मिनिटभर मोजते. साठ किंवा जास्त आले की थांबायचं नाही, १०८ ला फोन. एका पाड्यावर रेंज येत नाही, तिथे टेकाडावर चढून फोन लावावा लागतो. असं एक बाळ वेळेत दवाखान्यात पोचलं. आता अंगणवाडीत येतं, मला बघून पळतं, सुई टोचणारी बाई म्हणून. सुई मी टोचतच नाही, ती सिस्टर टोचते. बदनामी माझी.

कोविडमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत दारोदार फिरलो. माझ्याच सासूने मला ओसरीवर निजायला लावलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, आमचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी ग्रुपवर फोटो टाकला. आम्ही सगळ्यांनी हात जोडलेले टाकले. त्याखालीच कोणीतरी विचारलं होतं, “मागच्या महिन्याचं जमा झालं का कोणाचं?”

आयटी, हिंजवडी

थोडक्यात लिहिते, स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते, ती मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. परत आले तर माझं प्रोजेक्ट दुसऱ्याकडे. “तुला लोड नको म्हणून.” मला विचारलं कोणी? अप्रेझलला रेटिंग उतरलं, कारण वर्षातला अर्धा काळ मी ‘दिसले’ नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते, तशी आमच्याकडेही आहे, चार सिग्नल पलीकडे. दूध काढायला मीटिंग रूम बुक करायचे. दार काचेचं. काचेवर चार्टपेपर चिकटवला, तर फॅसिलिटीवाल्यांची मेल आली, भिंतींवर परवानगीशिवाय काही लावू नये. आता कंपनी बदलली. इथेही दारं काचेचीच आहेत, पण मुलगी मोठी झाली.

(धागा सुरू करणारी मी: चार्टपेपरबद्दल बऱ्याच जणींनी लिहिलंय. एकीने ओढणी लावली होती, एकीने ‘क्लायंट कॉल चालू आहे’ अशी पाटी. ही पाटी चालते म्हणे, कोणी आत डोकावत नाही. यावर मी काय बोलू?)

लालबाग, आजीबद्दल

माझी आजी खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, त्यातच आम्ही, त्यातच चूल. जेवणारे सगळे गिरणी कामगार, बायकामुलं गावाला कोकणात नाहीतर घाटावर. पाळीप्रमाणे पंगती: पहिल्या पाळीचे दुपारी गिरणी सुटल्यावर, दुसऱ्या पाळीचे मध्यरात्रीनंतर, तिसऱ्या पाळीचे सकाळी. म्हणजे चूल कधी विझायचीच नाही. पगार झाला की पैसे, तोवर वाण्याकडे उधारी, सावकाराकडे मंगळसूत्र. हे सगळं ‘घरचं बघणं’च होतं. आजोबा गिरणीत ‘कामाला’ होते, आजी ‘घरी’ होती.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आजीही दुसऱ्या बायकांबरोबर त्यात गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा बँकेतून कर्ज घेतलं. अंगठा नव्हे, सही करून. मंगळसूत्र सुटलं. मग जानेवारी १९८२ चा संप. जेवणारे गावाला निघून गेले, कित्येकांची बाकी राहिली ती राहिलीच. आजी नावं घेऊन सांगायची, पण शिवी कोणालाच द्यायची नाही. “उपाशी माणूस काय देणार?” मंडळाची कामं घेऊन, पोळ्या लाटून तिने कर्जाचे हप्ते फेडले. तिची पोळी मोठी आणि पातळ असायची. माझी जमत नाही, मी विकत आणते.

न्यू जर्सी

पुण्यात दातांची डॉक्टर होते, स्वतःची खुर्ची होती. लग्न करून इथे आले, नवऱ्याच्या व्हिसावर, एच-फोर. काम करायला परवानगीच नाही. इथे कोणी ‘घरचं बघून कर’ म्हणायलाही नव्हतं, नुसतंच घरचं बघ. बँकेचं कार्ड त्याच्या खात्यावरचं. माणूस चांगला आहे हो, पण स्वतःच्या वाढदिवसाची भेट मी त्याच्याच पैशाने घ्यायची आणि त्याने म्हणायचं, “कशाला विचारतेस?” मे २०१५ पासून काही एच-फोरवाल्यांना कामाचं परमिट मिळू लागलं. यांच्या ग्रीन कार्डच्या कामातला एक टप्पा पार पडला होता म्हणून मला मिळालं, मैत्रिणीला नाही. पण भारतातल्या डिग्रीवर इथे दातांना हात लावता येत नाही, पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेज, आणि फी ऐकून माझेच दात ठणकले. मी एका दवाखान्यात बिलिंग बघते. डॉक्टर एक्स-रे लावतो तेव्हा लांबूनच कीड कुठे आहे ते दिसतं. गप्प बसते.

बीड जिल्हा, आईचं लिहितेय

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आई ऊसतोडीला जाते. अजूनही.

तोडणीत बाई अशी वेगळी मोजतच नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती बापाच्या हातात. म्हणजे आईने एवढी वर्षं ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढली, पण तिचा म्हणून पगार कधी झालाच नाही. पहाटे उठून कोपीत (झोपडीत) भाकरी थापायची, मग उसाचा फड. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापतात. पाळीचे दिवस आले तरी खाडा परवडत नाही. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेली, तिथे डॉक्टरने गर्भाची पिशवी काढून टाकायला सांगितली. तिशीसुद्धा पुरी झाली नव्हती. त्यासाठीही उचल घेतली.

२०१९ मध्ये यावर सरकारी समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पेपरातला तो आकडा मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “आपल्या वस्तीवरच्या सगळ्या धरल्या का त्यात?”

मी आजीपाशी राहून शिकले. आता दिवाळी झाली की माझ्या वर्गातली पोरं कमी होतात, आईबापाबरोबर कारखान्याला जातात. मी घरोघर जाऊन सांगते, पोरांना ठेवा, हंगामी वसतिगृह आहे. बाया ऐकून घेतात आणि म्हणतात, “बाई, धाकट्याला कोण बघंल मग? हीच बघती.” ती ‘ही’ माझी चौथीतली हुशार पोरगी असते.

यंदा आईला म्हणाले, जाऊ नको, माझा पगार आहे. म्हणाली, “उचल घेतलीया.”

कांदा उत्पादक, चांदवड तालुका

१९८६ साली शेतकरी महिलांचं अधिवेशन आमच्या चांदवडला झालं. सासूबाई गेल्या होत्या, बायकांचा समुद्र होता म्हणायच्या. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली, घरधन्याने बायकोच्या नावे थोडी जमीन करून द्यायची. गावातल्या काहींनी केली. सासऱ्यांनी नाही केली. सासूबाई मेल्या तोवर सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकारात’सुद्धा त्यांचं नाव नव्हतं.

मालक गेल्यावर माझं नाव वारस म्हणून सातबाऱ्यावर लागायचं होतं, तर दीर म्हणाले, “मुलाचं लावू, तुला कशाला तलाठ्याकडे चकरा?” मी म्हटलं, चकरा मारते, मला चालता येतं. लागलं एकदाचं. ते लागलं म्हणून पीककर्ज माझ्या नावे झालं.

ट्रॅक्टर मी चालवते. लिलावाला ट्रॉली लावली की पूर्वी व्यापारी कांदा हातात घेऊन विचारायचे, “मालक कुठंय?” आता नाही विचारत, ओळखतात, हिशोबपट्टीवर माझंच नाव असतं. तरी कांद्याच्या भावाचं काही बोलायचं असलं की फोन मुलाला करतात. तो नववीत आहे. तो म्हणतो, “आईला विचारा,” आणि क्रिकेट खेळायला जातो.