कारमागे कॅराव्हॅन: ओढण्याआधी दांडीवरचं वजन बघा

कारमागे कॅराव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे एक ट्रेलरच) जोडायची चर्चा निघाली की 'डिझेल इंजिनाला टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर) भरपूर, सातशे किलोची कॅराव्हॅन सहज ओढेल' असं म्हणतात, ते मान्य. ओढेलच. पण दांडीवरच्या, म्हणजे ट्रेलर कारला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावरच्या, वजनाचा विषय कुणीच काढत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार दांडीतून कारच्या मागच्या हुकावर यावा लागतो, म्हणजे ७०० किलोला ७० ते १०५. कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे डुलायला लागतो. जास्त आला तर कारचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चढावर नुसती चाकं फिरवत बसते. शिवाय हुकाची स्वतःची मर्यादाही असते, ती वेगळी बघायची.

फैजपूरला आतेभावाच्या ट्रेलरची पाण्याची टाकी पार मागे बसवलेली होती. १०० लिटर भरलं की मागे १०० किलो! रावेर-सावद्याकडून केळीचा ट्रक बाजूने गेला की त्या वाऱ्यानेच ट्रेलर डुलायचा. दांडीखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवला (ट्रेलर सपाट जागेवर, दांडी हुकाच्याच उंचीवर), तर भार जेमतेम ३० किलो. टाकी अ‍ॅक्सलच्या (ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या) किंचित पुढे घेतल्यावर डुलणं थांबलं.

डुलायला लागलाच तर कारचा ब्रेक कचकन दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. आणि कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना आधीच खालचा गिअर टाका, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून निकामी होतात.